आतल्या थरावर लिहिलेलं

मागच्या महिन्यात एका छोट्या प्रदर्शनात माझी गोधडी लावली होती. तिथे दोन गोष्टी इतक्या वेळा ऐकल्या की आज बसून लिहितेच. एक म्हणजे "हे शिवून मन मोकळं झालं असेल ना तुझं". आणि दुसरी, एका बाईंनी अगदी तोंडावर सांगितलं, की हे सगळं फॉरेनच्या आर्टिस्टांचं बघून केलेलं वाटतं, यात तुझं स्वतःचं काय. त्या दिवशी गर्दीत मला नीट बोलता आलं नाही.

माझ्या लहानपणी घरात येणंजाणं असलेल्या एका मोठ्या माणसाने माझ्याशी जे करायला नको ते केलं, दोन वर्षं चाललं होतं ते. त्याहून जास्त इथे लिहिणार नाही. गोधडी त्याबद्दल आहे. ती आजीच्या लुगड्यांची आहे, आणि आजीला हे माहीत होतं की नव्हतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. ती दुपारभर ओसरीवर दाभण घेऊन गोधडी शिवत बसायची, मी तिच्या मांडीला टेकून झोपायचे, आणि एका दुपारी तिने न विचारता माझ्या अंगावर लुगडं ओढलं आणि त्या माणसाला "आता घरी जा" म्हणाली. एवढंच. त्यावर पुढे कधी एक शब्द नाही. तिला कळलं होतं का? कळलं होतं तर गप्प का राहिली? तिचं लुगडं हातात घेतलं की प्रेम आणि राग दोन्ही एकदमच वर येतात, आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं की कापडावर काही करायचं तर आधी यातलं एक काहीतरी ठरवायला पाहिजे.

ते ठरवायची गरज नाही हे मला लुईज बुर्ज्वा या शिल्पकार बाईचं काम बघून कळलं. ती जन्मली १९११ साली पॅरिसमध्ये, घरचा धंदा जुने टॅपेस्ट्री म्हणजे भिंतीवर लावायचे ते विणलेले मोठे पडदे दुरुस्त करून विकायचा. आई दुरुस्ती बघायची. हे पडदे खालून जास्त झिजतात, त्यामुळे चित्रातल्या माणसांचे पाय आधी जातात, आणि ते गेलेले पाय कागदावर काढून द्यायचं काम बारा-तेरा वर्षांच्या लुईजकडे होतं. आणि त्याच घरात वडिलांनी मुलांना शिकवायला म्हणून ठेवलेली इंग्लिश बाई वडिलांचीच मैत्रीण होती, वर्षानुवर्षं. आईला माहीत होतं. आई गप्प राहिली आणि रफू करत राहिली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसले होते.

लुईजने हे सगळं जाहीरपणे सांगितलं ते थेट १९८२ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, आर्टफोरम नावाच्या मासिकात जुने फोटो आणि मजकूर देऊन, आणि त्याचं नावच तिने 'चाइल्ड अब्यूज' ठेवलं. सत्तराव्या वर्षी हो! मला लोक विचारतात इतक्या उशिरा का काढतेस हे. आणि तोच राग मनात असताना तिने आईसाठी काय केलं, तर १९९९ मध्ये नऊ मीटरहून उंच पोलादी कोळीण, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्याची मादी, बनवली, पोटाखाली संगमरवरी अंडी असलेली, आणि तिचं नाव 'मामाँ', म्हणजे आई. कोळीण विणते, जाळं फाटलं की परत विणते. ती कोळीण बघून माया वाटते आणि भीतीही वाटते, ज्याला जे वाटेल ते, तिने निवड केलेली नाहीये. मी तिचे नुसते फोटो पाहिलेत, प्रत्यक्ष नाही, तरी माझा आजीचा प्रश्न तिथेच सुटला, म्हणजे उत्तर मिळालं नाही पण उत्तराशिवाय शिवायला घेता येतं हे कळलं.

अजून एक तिच्याकडूनच. म्हातारपणी तिने कपाटातले स्वतःचे कपडे, चादरी, टॉवेल काढून त्यातून काम सुरू केलं. २००२ मध्ये, नव्वदीत, तिने एक कापडाचं पुस्तक केलं, 'ओड आ लुब्ली', त्याची पानं तिच्या लग्नातल्या रुखवताच्या कापडांची, कोपऱ्यात तिच्या नावाची अक्षरं भरलेली. ते बघेपर्यंत मी बाजारातून नवं कोरं कापड आणून त्यावर काहीतरी भरायचा प्रयत्न करत होते आणि सगळं खोटं वाटत होतं. मग ट्रंक उघडली. आजीचं हिरवं लुगडं, एक जांभळं, आणि ते, जे त्या दुपारी माझ्यावर ओढलं होतं. त्याला मी आधी सहा महिने हात लावला नाही.

ट्रेसी एमिन या इंग्लंडच्या कलावंत बाईबद्दल थोडं, कारण तिचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. १९९५ मध्ये तिने एक तंबू केला, आतून कापडाची अक्षरं शिवून १०२ नावं लावली, ज्यांच्याबरोबर ती आयुष्यात कधी ना कधी झोपली त्यांची. लोकांनी अर्थ घ्यायचा तोच घेतला. पण त्यात तिची आजी होती, जिच्या शेजारी ती लहानपणी झोपायची, जुळा भाऊ होता, आईच्या पोटात शेजारी झोपलेला. म्हणजे ज्याच्या शेजारी झोपलं की सुरक्षित वाटतं ती माणसंही त्याच तंबूत. तेराव्या वर्षी बलात्कार सोसलेली बाई ही नावं एकाच कापडाखाली आणते तेव्हा ते किती अवघड असेल! २००४ मध्ये गोदामाच्या आगीत तो तंबू जळाला आणि तिने परत केला नाही. याच एमिनकडे लुईजने शेवटच्या काळात स्वतःची काही चित्रं पाठवली, यावर तू तुझं काम कर म्हणून. एमिन ती चित्रं कितीतरी दिवस देशोदेशी बरोबर घेऊन फिरली, हात लावायची भीती वाटत होती. मग केलं, आणि ती कापडावर छापली गेली. नाव 'डू नॉट अबँडन मी'. मला सोडून जाऊ नकोस.

तर त्या बाईंना माझं हे उत्तर आहे. बघून केलंय, हो. इतक्या मोठ्या कलावंतालासुद्धा दुसरीचं काम हातात घेऊन फिरावं लागलं. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी बंडानंतर ज्यांची मुलं, नवरे गायब केले गेले त्या बायकांनी गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवली, काहींनी गायब माणसाच्याच कपड्यांचे तुकडे लावले, आणि गोणपाटावर असं भरतकाम चिलीचीच गायिका आणि कलावंत व्हिओलेता पारा त्यांच्या आधी करून गेली होती, पॅरिसच्या लूव्हरमधल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात १९६४ साली तिचं प्रदर्शन झालं होतं. अमेरिकेत एड्सने गेलेल्यांची गोधडी १९८७ मध्ये वॉशिंग्टनला अंथरली, ती बघून १९९० मध्ये मार सोसलेल्या, अत्याचार सोसलेल्या बायकांनी आपली गोष्ट मांडलेले शर्ट दोरीवर वाळत घातले. पहिल्या वेळी ३१ होते. आपल्याकडे बिहारमध्ये मुजफ्फरपूरजवळ भुसुरा गावात बायका सुजनीच्या, म्हणजे तिकडच्या गोधडीच्या, धावदोऱ्यात हुंडा, नवऱ्याची मारहाण, मुलीचा गर्भ पाडणं हे सगळं भरतात. यातल्या कुणाला कुणी विचारत नाही की तुझं काय. आणि जात्यावर सासुरवासाची ओवी गाणारी बाई तरी काय करायची, शेजारणीकडून ऐकलेल्या ओळीत स्वतःचं दुःख घालायची ना!

आणि मन मोकळं झालं का, तर नाही. औषध म्हणून मी हे केलेलं नाही, आणि प्रत्येक बाईच्या शिवणाला लगेच थेरपी म्हणायची जी सवय लागलीय ती मला पटत नाही. औषध म्हटलं की काम कसं झालंय ते बघायचं कुणाला कारणच उरत नाही, नुसतं बिचारी म्हणून पुढे जाता येतं. माझे टाके बघा ना आधी. वाकडे आहेत की सरळ, दोऱ्याचा रंग का बदलला, मध्ये एक चौकोन मोकळा का सोडलाय.

सगळ्यात जास्त मी घेतलंय एलिझाबेथ पार्कर नावाच्या मुलीकडून. ससेक्समधली गरीब घरची पोर, १८१३ चा जन्म, तेराव्या वर्षी लोकांच्या घरी कामाला. मालकाने तिच्यावर हात टाकायचा प्रयत्न केला, जिन्यावरून ढकललं, पुढे तिला जीव द्यावासा वाटायला लागला. हे सगळं तिने १८३० च्या सुमाराला लिननवर लाल रेशमाने फुलीच्या टाक्यात भरून ठेवलं, ना फूल ना वेलबुट्टी, नुसती अक्षरं. सुरुवातच अशी की मला लिहिता येत नाही म्हणून हे असं मांडते. आणि शेवटी माझ्या आत्म्याचं काय होणार, असं विचारताना ओळ मध्येच थांबते. ते कापड आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. ती पुढे शाळेत शिकवायला लागली आणि म्हातारी होऊन गेली हे वाचलं तेव्हा मला रडू आलं.

तिचा लाल दोरा मी घेतला. पण अक्षरं वर नाही भरली. गोधडीत फाटकं, विरलेलं कापड आत जातं आणि धड कापड वर येतं, हे आजीनेच शिकवलेलं, तर मी त्या दुपारच्या लुगड्यावर जे भरायचं ते भरलं आणि ते आत घातलं, वर हिरवं, खाली जांभळं, आणि चारी बाजूंनी धावदोरा. प्रदर्शनात लोक विचारत होते आत काय लिहिलंय. सांगितलं नाही, सांगणार पण नाही.

फक्त एका कडेला वीतभर टाके घातलेले नाहीत. तिथून हात आत जातो, दिसत काही नाही पण बोटांना अक्षरं लागतात. प्रदर्शनानंतर गोधडी घरी आणली तेव्हा आई बराच वेळ त्या कडेवरून अंगठा फिरवत होती. मी म्हटलं, घाल हात. तिने नाही घातला. पण रात्री उशिरापर्यंत गोधडी मांडीवर घेऊन बसली होती आणि मग म्हणाली, "ही बाजू अशीच ठेव, शिवू नकोस."