मेन्यू आडवा आला

जुना कृष्णधवल चित्रपट डीव्हीडीवर पाहायचा, तर चित्रपट दीडशे मिनिटांचा असतो आणि मेन्यू त्याच्या वर. डिस्क खाचेत बसवली, तबक आत गेलं, घरातली वडीलधारी मंडळी चष्मे पुसून बसली, की आधी येते कॉपीराइटची धमकी. मग डिस्क काढणाऱ्या कंपनीची गरगर फिरणारी मुद्रा. मग त्याच कंपनीच्या इतर चित्रपटांची जाहिरात. मग पुन्हा मुद्रा, कारण एवढ्या वेळात आपण कंपनीचं नाव विसरलो असू अशी तिला रास्त शंका असते. रिमोटवर ‘पुढे’ दाबलं की पडद्याच्या कोपऱ्यात नकाराचा छोटासा हात उगवतो, काही प्लेअरवर काट मारलेलं वर्तुळ.

हा बिघाड नाही. ‘युजर ऑपरेशन प्रोहिबिशन’ या नावाची रीतसर सोय डीव्हीडीच्या नियमावलीत आहे. कोणत्या तुकड्यात प्रेक्षकाची कोणती बटणं मेलेली ठेवायची, हे डिस्क बांधणारा ठरवतो. कायद्याच्या सूचनेला तिचा आडोसा मिळाला तेव्हा कुणी कुरकुरलं नाही. चंचुप्रवेश झाला आणि मागून जाहिरातींचं मुसळ आलं. उपाय आहे. ‘स्टॉप’ दोनदा, मग ‘प्ले’. पहिल्या स्टॉपला प्लेअर जागा लक्षात ठेवून थांबतो, दुसऱ्या स्टॉपला लक्षात ठेवलेलं टाकून देतो, आणि मग प्ले म्हटलं की बरेच प्लेअर सरळ पहिल्या टायटलवर, म्हणजे डिस्कवरच्या पहिल्या स्वतंत्र कार्यक्रमावर, जातात. पहिलं टायटल म्हणजे बहुधा चित्रपटच. ‘बहुधा’ हा शब्द मी जपून वापरतोय. संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये डिस्क उघडताना ‘नो डिस्क मेन्यूज’वर खूण करावी आणि टायटलांच्या यादीतलं सगळ्यात लांब टायटल निवडावं. जाहिरात कितीही निर्लज्ज असली तरी अडीच तासांची नसते.

हे ज्यांना ठाऊक नसतं ते मेन्यूवर पोचतात. हलता मेन्यू हे डिस्कवाल्यांचं लाडकं खूळ. मागे नायिका झाडाभोवती फिरते आणि चित्रपटातलं सर्वांत गाजलेलं गाणं वाजतं, पण तीसच सेकंद. तुकडा संपला की लेझरला डिस्कवर मागे जाऊन तो पुन्हा वाचावा लागतो, म्हणून पडदा क्षणभर गोठतो, निवडीची खूण नाहीशी होते आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. कापलेलं हमखास ओळीच्या मधे. तेवढ्यात कुणाचा फोन आला आणि दहा मिनिटं चालला, तर घरच्यांनी तो अर्धवट मुखडा वीस वेळा ऐकलेला असतो. नंतर चित्रपटात तेच गाणं येतं, तेव्हा सगळे न ठरवता त्याच शब्दावर गप्प होतात.

आता ‘सबटायटल्स हवीत का?’ हा प्रश्न घ्या. खाली दोन शब्द, ‘हो’ आणि ‘नाही’. एक पिवळा, एक पांढरा. यातला निवडलेला कोणता? बाण दाबून पाहावं, तर पिवळा पांढरा होतो आणि पांढरा पिवळा. आपल्या ज्ञानात काडीचीही भर पडत नाही. ही निवडीची खूण म्हणजे मूळ चित्रावर टाकलेला एक पातळ थर. त्याला एका वेळी चारच रंग मिळतात, त्यातला एक बहुधा पारदर्शक. तीन पर्याय असले तर वेगळा दिसतो तो निवडलेला, एवढा तर्क चालतो; दोनच असले की तर्क तिथेच संपतो. चार रंगांत एक ठिपका, एक बाण किंवा शब्दाखाली एक रेघ आरामात मावते. पण रेघ कुणी मारत नाही, रंगच बदलतात, तेही एकमेकांच्या शेजारचे.

तरीही आपली डिस्क ओळखायची ती गाण्यांच्या मेन्यूवरून. प्रसंगांची यादी जगभर असते, गाण्यांची वेगळी यादी ही आपल्याकडची गरज, आणि योग्यच गरज. एका मेन्यूवर साध्या ४:३ आकारात छत्तीस बटणं बसू शकतात. म्हणजे दहा गाणी एका पानावर पाय पसरून झोपली असती. प्रत्यक्षात ती तीन पानांत, चार-चार-दोन अशी. पहिल्या पानावर चौथ्या गाण्यापर्यंत उतरताना बाण एकदा जास्त दाबला गेला की खूण ‘पुढील पान’वर जाते आणि ओके न दाबताच पान उलटतं, कारण त्या बटणाला नुसत्या स्पर्शानं चालू होण्याची मुभा दिलेली असते. मागे आलात तर खूण पुन्हा पहिल्या गाण्यावर. बऱ्याच प्लेअरवर बाणांच्या नादी न लागता आकडा दाबला तरी चालतं: ४ दाबलं की चौथं बटण. फक्त बटणांचे क्रमांक पडद्यावरच्या क्रमानंच दिले असतील या भरवशावर राहू नये.

गाणं एकदाचं लागतं, पण सुरुवातीचे सारंगीचे सूर गिळून. डिस्क बांधणाऱ्यानं खूण ठेवली ती गायिकेच्या पहिल्या शब्दावर. त्याच्या लेखी गाणं तिथे सुरू होतं. तांत्रिक नाइलाज म्हणावा तर तोही नाही. प्रकरणाची (चॅप्टरची) सुरुवात पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवर लागते, आणि पाल (आपल्याकडची, सेकंदाला २५ फ्रेमांची टीव्ही पद्धत) डिस्कवर अशी फ्रेम जास्तीत जास्त पंधरा फ्रेमांनी, म्हणजे ०.६ सेकंदानं येतेच. सारंगी त्याहून पुष्कळ लांब वाजलेली असते. गाणं संपल्यावर काय व्हावं, हाही प्रश्न आहे. बटणानं नुसती चित्रपटातल्या त्या प्रकरणावर उडी मारली असेल तर चित्रपट तसाच पुढे चालू राहतो आणि भैरवीच्या पाठोपाठ सावकार जप्ती घेऊन येतो. प्रत्येक गाण्याची स्वतंत्र साखळी (कुठून कुठवर वाजवायचं याची नोंद) बांधली आणि तिच्या शेवटी ‘मेन्यूवर परत’ ही एक आज्ञा लिहिली की काम होतं. चित्र तेच वापरायचं असल्यामुळे जागाही जवळजवळ लागत नाही. लागतो तो अर्धा दिवस.

चित्रपटाच्या मधे सबटायटल लावायला मेन्यूत शिरू नये. परत येताना ‘जिथे होतो तिथे’ ही आज्ञा लिहायची राहिली असेल तर नायकाचा पुन्हा जन्म होतो. रिमोटवर सबटायटलचं वेगळं बटण असतं, तेवढंच दाबावं.

मेन्यूवरच्या चेहऱ्यांविषयी. पाल डिस्कचं चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं, पण टीव्ही ते ७६८ × ५७६ इतकं ताणून दाखवतो, कारण इथले ठिपके चौकोनी नसून किंचित आडवे असतात. म्हणून मेन्यू ७६८वर रंगवून मग ७२०वर दाबायचा असतो. हे विसरलं की नायक सुमारे सात टक्के रुंद होतो. एनटीएससीत, म्हणजे अमेरिकेच्या टीव्ही पद्धतीत, उलट. तिथे ७२० × ५४० रंगवून उंची ४८०वर आणायची. सरळ ४८०वर रंगवलं तर पडद्यावर तोच नायक वाळतो. म्हणजे चाळिशी ओलांडून कॉलेजकुमार झालेल्या नटाला एनटीएससीच लाभते. खरा छळ मात्र नव्या रुंद टीव्हीवर: मेन्यू १६:९ आणि चित्रपट ४:३, त्यामुळे कुणीतरी एकदा ‘फुल’ दाबून ठेवतं आणि सोवळी, कृश विधवा आई पहिलवानासारखी चालत येते.

मराठी मेन्यूचं दुखणं आणखी वेगळं. मेन्यूवरची अक्षरं ही अक्षरं नसून चित्र असतं. जुन्या फोटोशॉपला युनिकोड देवनागरी जुळवता येत नव्हती. ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराच्या गळ्यात पडे. म्हणून जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरत. त्यातून शब्द सुटला तरी शिरोरेषा उरतेच. जुन्या टीव्हीवर चित्र एकाआड एक ओळींनी रंगतं. रेघ एकाच ओळीची असेल तर ती सेकंदाला पंचवीसच वेळा उमटते आणि थरथरते. इंग्रजीत अशा आडव्या रेघा तुटक असतात, आपल्याकडे त्या शब्दभर. सगळा मेन्यू थंडी वाजल्यागत कुडकुडतो. शिरोरेषा दोन-तीन ओळींची जाड घ्यावी आणि मजकूर पडद्याच्या मधल्या ८० टक्क्यांत ठेवावा, म्हणजे जुना टीव्ही कडा खाताना ‘प्ले’चा ‘ले’ करणार नाही.

तीन चित्रपट एका डिस्कवर देणाऱ्यांना मेन्यूत तीन पोस्टरं लावायला फार आवडतं. हिशेब करून पाहा. माहितीचा एकच थर असलेल्या डिस्कवर ४.७ जीबी, अडीच तासांचे तीन चित्रपट म्हणजे २७,००० सेकंद, वाट्याला येतात सेकंदाला १.३९ मेगाबिट, आवाजासकट. व्हीसीडी नुसत्या चित्राला १.१५ देत होती, आणि तिला रंगवायचे ठिपके होते याच्या एक चतुर्थांश. पावसाचा प्रसंग आला की पडद्यावर फरशा बसवलेल्या दिसतात. दोन थरांची डिस्क एकाच चित्रपटाला दिली तर साडेसात मेगाबिट मिळतात, आणि थर बदलताना होणारा हिसका मध्यंतराच्या पाटीवर ठेवता येतो. पहिला थर दुसऱ्याहून लहान चालत नाही, आणि आपलं मध्यंतर तर बऱ्याचदा निम्म्याच्या पुढेच येतं. एवढा योग जुळून आलेला असताना हिसका ठेवतात तो ऐन तानेवर.

तानेचं आणखी एक. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमांचा, पाल २५चा, म्हणून पाल डिस्कवर तो चार टक्के जलद पळतो आणि सूर मुद्दाम खाली आणला नसेल तर पाऊण अर्धस्वराच्या जवळपास चढतो. पांढरी एकचं गाणं पांढरीतही राहत नाही आणि काळी एकपर्यंतही पोचत नाही. घरात कुणी पेटीवर साथ करत असेल तर त्याचे हाल पाहवत नाहीत. पाकिटावर एनटीएससी वाचून हुरळून जाऊ नये; पालची टेप पुढे एनटीएससीत फिरवलेली असू शकते, चढलेल्या सुरासकट.

खात्री करायची तर चित्रपटाच्या सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र तिथेच थांबवून वाचावं. त्यावर लांबी असते. ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे २७.४ मीटर. १३,५०० फूट असेल तर १५० मिनिटं. डिस्क १४४ दाखवत असेल तर पालची घाई, चित्रपट शाबूत. १३२ दाखवत असेल तर बारा मिनिटं कुठेतरी सांडली आहेत. आधी विनोदी नट मोजावा, मग गाणी. आणि प्रमाणपत्रच सापडलं नाही, तर कात्री तिथूनच सुरू झाली आहे.