स्वित्झर्लंड बघायचंच, तर नीट बघा

सातारच्या डोंगरात 'नवीन महाबळेश्वर' हा सरकारचा नवा गिरिस्थान प्रकल्प व्हावा की नाही, यावरून आमच्या गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. पहिल्या आराखड्यातच जिल्ह्यातली 235 गावं आहेत आणि नियोजनाचे अधिकार रस्ते विकास महामंडळाकडे. पोरांना गावातच काम मिळेल, असं एक गट म्हणतो. कास आणि कोयनेची वाट लागेल, असं दुसरा. आणि दोन्हीकडून कुणीतरी हटकून लिहितं, "जरा स्वित्झर्लंड बघा."

मी स्वित्झर्लंडमध्येच राहतो, वाले प्रांतात, व्हिस्प या गावी. त्यामुळे ते वाक्य वाचून गप्प बसवत नाही.

व्हिस्पच्या वरच्या अंगाला तॉर्बेल नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी 1483 साली एकत्र येऊन माथ्यावरची कुरणं आणि जंगल कसं वापरायचं, याचा लेखी करार केला. पुढे 1517 मध्ये नियम आला: हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई जगवता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर न्यायच्या. हा नियम राजधानीतून आला नव्हता. आपल्याकडे देवराईतली वाळकी काटकीही न उचलण्याची रीत अशीच गावानं पाळली.

आता हॉटेलं आणि बंगले. 11 मार्च 2012 ला इथं देशभर मतदान झालं. कुठल्याही गावात सुट्टीपुरती वापरायची घरं एकूण घरांच्या 20 टक्क्यांवर जाऊ नयेत, असा तो प्रस्ताव होता. तो 50.6 टक्के मतांनी निसटता मंजूर झाला, पण आमच्या वाले प्रांतानं मोठ्या बहुमतानं विरोध केला होता. शहरातल्यांनी आमच्या पोटावर पाय दिला, ही तक्रार इथं आजही ऐकू येते आणि मला ती रास्त वाटते. पश्चिम घाटात खाणी आणि मोठ्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या, पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्राचा केंद्र सरकारचा सहावा मसुदा जुलै 2024 मध्ये आला, त्यात महाराष्ट्राचं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यावर कोकणातली आणि घाटावरची माणसं नेमकं हेच बोलतात.

फरक पुढे आहे. इथं बंधन घातलं, पण डोंगर राखणाऱ्याच्या हातात पैसेही ठेवले. उन्हाळ्यात माथ्यावर गुरं चारणाऱ्याला सरकार रोख अनुदान देतं, कारण कुरण राखलं नाही तर तिथं झुडपं माजतात. पोस्टाची पिवळी बस आडबाजूच्या खेड्यांतही जाते. शाळा आणि दवाखान्यापर्यंत पोचता येतं, म्हणून काही तरुण तरी टिकतात.

माझी आत्ती कांदाटी खोऱ्यात राहते. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय मध्ये असल्यानं तापोळ्याला यायचं तर लाँच. आळीतल्या बहुतेक घरांना कुलपं, माणसं मुंबईत माथाडी कामाला, घरं उघडतात ती जत्रेला. तिनं नाचणी लावणं सोडलं, कारण गवे आणि रानडुकरं एका रात्रीत वावर साफ करतात. "राखणीला माणूसच न्हाई, तर लावू कुणासाठी?" असं ती फोनवर म्हणाली. अशा वावरासाठी एजंट पैसे घेऊन दारात उभा राहिला, तर जमीन विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण तिथं उभ्या राहणाऱ्या रिसॉर्टमध्ये त्याच्या पोराला फार तर रखवालदारी मिळेल, हेही मला दिसतं.

कोयना प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॉट. ते पाणी ज्या डोंगरावरून उतरतं, तो जंगलासकट राखणाऱ्या गावाला त्या विजेच्या उत्पन्नातला वाटा का नको? पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळांच्या समितीनं 2011 च्या अहवालात निर्णय ग्रामसभेपर्यंत न्यायला सांगितलं होतं. भांडणात ती शिफारस मागे पडली आणि अहवालाची ओळख फक्त 'बंदी' अशी उरली.

म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही गटांना माझं सांगणं आहे. हरकती-सूचना मागवणं म्हणजे संमती नव्हे. आराखड्याला प्रत्येक ग्रामसभेचा लेखी ठराव मागा, आणि मुंबईत गेलेल्यांनाही बोलता येईल अशा दिवशी, जत्रेच्या आसपास, ती सभा घ्यायला लावा. बाहेरच्यांच्या घरांवर टक्केवारीची मर्यादा मागा. आणि जंगल राखण्याचा मोबदला दर वर्षी, थेट गावाच्या खात्यात.