बार्सिलोनाने आठ गोल मारले, मान्य. पण…

चेल्सीच्या महिला संघाच्या २०२४-२५ च्या हंगामावर मी लिहिलेल्या लेखाखाली एक खरमरीत प्रतिक्रिया आली आहे. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण त्यात काही मुद्दे असे आहेत की ते दोन ओळींत मावणार नाहीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा असा:

‘अपराजित, अपराजित म्हणून किती नाचायचं? इंग्लंडची महिला लीग एका श्रीमंत क्लबच्या सातबाऱ्यावर चढली आहे. सलग सहा वर्षं एकच विजेता असेल तर तिला स्पर्धा कशाला म्हणायचं? तगडा संघ समोर आला तेव्हा बार्सिलोनाने दोन सामन्यांत मिळून ८-२ ने लोळवलं आणि तुम्ही त्यावर एक ओळ लिहिलीत. संघ बांधला आधीच्या प्रशिक्षक एमा हेजने, आणि त्यांच्यानंतर आलेल्या बोंपास्तोरबाई म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. माझं मत बदलेल अशी एक तरी मॅच दाखवा.’

आधी माझी चूक. मूळ लेखात मी ‘संपूर्ण हंगामात अपराजित’ असं लिहिलं होतं. ते साफ चूक आहे. चेल्सीने लीगचे २२, एफए कपचे ५ आणि लीग कपचे ३ असे देशातले ३० सामने न हरता काढले. युरोपात मात्र त्या तीनदा हरल्या. वाक्य दुरुस्त केलं आहे. तुम्ही टोकलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं, त्याबद्दल मनापासून आभार.

आता ती एक ओळ. खरं सांगायचं तर मी चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, ती उपांत्य फेरी टाळली, कारण ती लिहायला जिवावर आलं होतं. २० एप्रिलला बार्सिलोनात ४-१. त्यातही आपली गोलरक्षक हॅना हॅम्प्टनने अलेक्सिया पुतेयासची पेनल्टी अडवली म्हणून पाचवा गोल झाला नाही. राखीव बाकावरून आलेल्या क्लॉडिया पिनाने दोन गोल केले. म्हणजे ज्यांना पहिल्या अकरात जागा नव्हती त्याही आपल्याला पुरून उरल्या. आठवड्याने चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर पुन्हा ४-१. आयताना बोनमतीने मैदानाच्या मध्यापासून चेंडू पायात घेऊन जो गोल केला, तिथेच सामना संपला होता. मध्यंतरापूर्वी तीन गोल खाऊन झाले होते. चेल्सीच्या लूसी ब्रॉन्झ आणि किरा वॉल्श या दोघी बार्सिलोनाकडून खेळून आलेल्या. समोरच्यांच्या खेळाची खडान् खडा माहिती त्यांना असणार, आणि तरी काही करता येत नव्हतं. चेल्सीचा खेळ अंगाच्या ताकदीवर आणि वेगावर उभा आहे. चेंडूच मिळेना म्हटल्यावर ती ताकद लावायची कुठे? तुमच्या या मुद्द्यावर माझी पूर्ण शरणागती.

पण त्यावरून तुम्ही ‘म्हणजे ही लीगच कच्ची’ असा जो निष्कर्ष काढता, तिथे थांबा. ज्या दिवशी चेल्सी बाद झाली, त्याच दिवशी, २७ एप्रिलला, आर्सेनलने लियाँच्या मैदानात ४-१ ने जिंकून अंतिम फेरी गाठली. आणि २४ मे रोजी लिस्बनमध्ये स्टिना ब्लॅकस्टेनियसच्या एका गोलवर बार्सिलोनाला हरवून चॅम्पियन्स लीग घेऊन घरी आले. हे आर्सेनल इंग्लिश लीगमध्ये कितवं होतं? दुसरं. चेल्सीपेक्षा तब्बल १२ गुणांनी मागे. चेल्सीने त्यांना ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच एमिरेट्स मैदानावर २-१ ने हरवलं आणि जानेवारीत घरच्या मैदानावर १-० ने. ऑक्टोबरच्या पराभवानंतर तर तीनच दिवसांत त्यांचे प्रशिक्षक योनास आयडेव्हाल राजीनामा देऊन गेले.

म्हणून चेल्सी बार्सिलोनापेक्षा भारी, असं मी मुळीच म्हणणार नाही. फुटबॉलमध्ये अ ने ब ला आणि ब ने क ला हरवलं की अ आपोआप क पेक्षा मोठा होत नाही. ते गणिताच्या पेपरात चालतं. मात्र ज्या लीगमधला दुसरा संघ युरोपचा विजेता होतो, तिला कच्ची म्हणणं मला जमणार नाही. आणि गंमत बघा, लियाँहून परतलेलं हेच आर्सेनल तीन दिवसांनी, ३० एप्रिलला, अॅस्टन व्हिलाकडून ५-२ ने मार खाऊन आलं. दमलेले पाय आणि युरोपात अडकलेलं मन घेऊन लीगच्या मैदानात उतरलं की असं होतं. त्याच रात्री चेल्सीही मैदानात होती. त्यांनाही बार्सिलोनाकडून चार गोल खाऊन तीनच दिवस झाले होते. ली गावात मँचेस्टर युनायटेडच्या घरी ब्रॉन्झने हेडर मारला, १-० झालं आणि दोन सामने शिल्लक असतानाच विजेतेपद पक्कं झालं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. घरातले सगळे झोपले होते, मी एकटी पंख्याखाली उशी कवटाळून बसले होते.

मला ‘अपराजित’ या शब्दाचं कौतुक आहे ते या रात्रीसाठी. तुम्ही त्या शब्दाचा अर्थ ‘सगळ्यांना चिरडून टाकणारा’ असा घेता. आकडे वेगळं सांगतात. आर्सेनलविरुद्ध २-१ आणि १-०. युनायटेडविरुद्ध १-० आणि १-०. मँचेस्टर सिटीविरुद्ध २-० आणि २-१. पहिल्या चारातल्या बाकी तिघींशी सहा सामने, सहा विजय, आणि त्यातले पाच एका गोलाने. जानेवारीत आर्सेनलविरुद्धचा गोल ८४ व्या मिनिटाला, पेनल्टीवर. नोव्हेंबरात युनायटेडविरुद्ध जो एकमेव गोल झाला तोही पेनल्टीच, दोन्ही वेळा गुरो राइटनच्या पायाने. एफए कपच्या उपांत्य सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध आधी पिछाडी, मग बरोबरी, आणि भरपाई वेळेत अॅगी बीव्हर-जोन्सचा गोल. बरोबरीत सुटलेले तीन सामने कोणाशी, तर लेस्टर, ब्रायटन आणि वेस्ट हॅम. म्हणजे पहिल्या चाराबाहेरच्यांशी अडखळायचं आणि वरच्यांशी केसाच्या अंतराने जिंकायचं. याला मस्तवालपणा कसा म्हणणार? मला तर यात महिनाअखेरीला पगार पुरवणाऱ्या गृहिणीची चिकाटी दिसते.

पैशाचं बोलू. इथे तुम्ही बरोबर आहात, पण तुमचं बोट भलतीकडे रोखलेलं आहे.

हो, चेल्सीने जानेवारी २०२५ मध्ये सॅन डिएगोहून नेओमी गिर्मा आणली, आणि महिला फुटबॉलमध्ये दहा लाख डॉलरच्या वर किंमत गेलेली ती पहिली खेळाडू ठरली. त्याच महिन्यात बार्सिलोनाहून वॉल्श. एवढी महागडी गिर्मा पदार्पणाच्याच सामन्यात दुखापत होऊन बाहेर गेली आणि तो सामना, ब्रायटनविरुद्धचा, २-२ सुटला. सॅम कर तर गुडघ्याच्या दुखापतीमुळे हंगामभर एक मिनिटही खेळली नाही. चेल्सीच्या तिजोरीचा उपयोग नेमका इथे होतो: एक गेली तर तिच्या तोडीची दुसरी बाकावर बसलेली असते. हे मी नाकारत नाही. पण सिटी, आर्सेनल, युनायटेड यांच्या घरी काय चूल पेटायची भ्रांत आहे? गिर्माचा विक्रम जेमतेम सहा महिने टिकला. तो मोडला आर्सेनलने, दहा लाख पौंड मोजून ऑलिव्हिया स्मिथला घेताना. हीच स्मिथ त्या एफए कप उपांत्य सामन्यात लिव्हरपूलकडून चेल्सीवर गोल करणारी. म्हणजे वरच्या चौघींत पैसा सगळ्यांकडेच आहे, आणि निकाल एका गोलाचे लागतात.

खरी दरी खाली आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेखसुद्धा नाही याचं मला नवल वाटलं. खालच्या लीगमधून नव्याने वर आलेल्या क्रिस्टल पॅलेसला चेल्सीने सप्टेंबरात ७-० ने हरवलं. पॅलेस हंगामाअखेरीला पुन्हा खाली. रेडिंगचा महिला संघ २०२३ पर्यंत याच लीगमध्ये होता. २०२४ च्या उन्हाळ्यात क्लबने हात वर केले आणि संघ थेट पाचव्या पायरीवर गेला. २०२५ मध्ये ब्लॅकबर्नने दुसऱ्या पायरीवरून माघार घेतली, कारण तिथल्या अटी पुऱ्या करायला लागणारा खर्च मालकांना करायचा नव्हता. दोन्हीकडे पोरी मैदानावर हरल्या म्हणून नाही, हिशेबाच्या वहीत हरल्या. आणखी मागे जायचं तर २०१५ चा एफए कप आठवा. महिलांचा अंतिम सामना वेम्ब्लीवर पहिल्यांदा झाला तो तेव्हा, ३०,७१० प्रेक्षकांसमोर. चेल्सीने जी सो-युनच्या गोलवर १-० ने जिंकला. समोर होती नॉट्स काउंटी. दोन वर्षांनी, २०१७ च्या एप्रिलमध्ये, हंगाम सुरू व्हायला दोन दिवस असताना तो संघ बंद झाला. वेम्ब्लीवर खेळलेला संघ! चेल्सीने सलग सहाव्यांदा लीग जिंकली याचं मला फारसं दुःख नाही. एका अंतिम सामन्यातल्या दोन संघांपैकी एक दहा वर्षांनी तिथेच ७४,४१२ लोकांसमोर युनायटेडला ३-० ने हरवतो आणि दुसरा अस्तित्वातच नसतो, याचं आहे. तुम्हाला पैशावर लिहायचं असेल तर यावर लिहा, मी तुमचा लेख माझ्या पानावर आनंदाने छापेन.

बोंपास्तोरबाईंबद्दल थोडक्यात. हेजबाईंनी २०१२ ते २०२४ अशी बारा वर्षं देऊन क्लब उभा केला, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण त्यांच्या शेवटच्या हंगामात काय झालं ते बघा. चेल्सी आणि सिटी दोघींचे ५५ गुण, निकाल गोलफरकावर, तोही शेवटच्या दिवशी युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ६-० ने जिंकून. लीग कपचा अंतिम सामना आर्सेनलकडून हरलेल्या, एफए कपमध्ये युनायटेडने उपांत्य फेरीतच घरी पाठवलेलं. पुढच्या वर्षी, नव्या देशात, नव्या भाषेत आलेल्या बाईने ६० गुण केले आणि देशातले तिन्ही करंडक आणले. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही महिलांची चॅम्पियन्स लीग जिंकलेली ही पहिली व्यक्ती, दोन्ही लियाँबरोबर. आयतं बीळ मिळालं हे खरं, पण वारसा मिळाला की तो उडवणारेच जास्त असतात. मँचेस्टर युनायटेडच्या पुरुष संघाला विचारा.

जाता जाता एक तपशील, तुम्हाला जुन्या गोष्टींची आवड दिसते म्हणून. ‘खरे अपराजित’ म्हणून तुम्ही २००६-०७ च्या आर्सेनल महिला संघाचं नाव घेतलं आहे. रास्त आहे. त्यांनी लीगचे २२ पैकी २२ सामने जिंकले आणि युरोपचा करंडकही आणला. अंतिम फेरीत स्वीडनच्या उमेओविरुद्ध दोन सामन्यांत मिळून १-०, गोल अॅलेक्स स्कॉटचा. त्यांचे व्यवस्थापक विक एकर्स त्याच क्लबच्या पुरुष संघाच्या जर्सी आणि बुटांचं कामही बघायचे. तो काळच तसा. आणि एकर्स यांच्या हाताखाली सहायक म्हणून कोण शिकत होतं? एमा हेज.

राहिली तुमची शेवटची मागणी, एक मॅच दाखवा. वेम्ब्लीचा अंतिम सामना मी सुचवणार नाही, तो एकतर्फी होता. २०२५ च्या मार्चमध्ये चेल्सी आणि सिटी यांना बारा दिवसांत चार वेळा एकमेकींशी खेळावं लागलं. १५ तारखेला डर्बी शहरात लीग कपचा अंतिम सामना, त्याच्या पाच दिवस आधी सिटीने प्रशिक्षक गॅरेथ टेलर यांना काढलेलं. चेल्सी २-१, दुसरा गोल सिटीच्या हासेगावाच्या स्वयंगोलामुळे. १९ ला चॅम्पियन्स लीग, सिटी २-०, राखीव म्हणून आलेल्या व्हिव्हियान मिडेमाचे दोन्ही गोल. २७ ला परतीचा सामना, चेल्सी ३-०, तिन्ही गोल मध्यंतरापूर्वी. पण मी सांगते ती मधली बघा, २३ मार्चची, लीगची. चेल्सीच्या पोरी चार दिवसांपूर्वी याच सिटीकडून हरलेल्या, पुन्हा त्यांच्याच शहरात. सुरुवातीलाच केरोलिनने गोल करून सिटीला पुढे नेलं. बीव्हर-जोन्सने बरोबरी केली. नंतर बराच वेळ काहीच होत नाही. पाय जड झालेले दिसतात, पास चुकतात, दोन्हीकडच्या पोरी घड्याळाकडे बघतात. हायलाइट्स बघाल तर हा भाग कापलेला असेल, म्हणून पूर्ण सामना बघा. चेल्सीच्या एरिन कथबर्टचा गोल नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर येतो.