ॲनिमोनला ग्लू लावू नका

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ॲनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा मऊ समुद्री प्राणी, घरच्या टाकीत सांभाळण्याच्या सात सोप्या युक्त्या. त्यात काय म्हटलंय ते आधी सांगते. नव्या टाकीत खारं पाणी भरलं की आठवड्याभरात ॲनिमोन सोडा. तो जागा सोडून फिरायला लागला तर पायाला सुपरग्लू लावून दगडावर बसवा. रोज कोळंबीचा मोठा तुकडा भरवा. पांढरा ॲनिमोन दिसला तर लगेच घ्या, तो दुर्मीळ रंग असतो. प्रकाशाची गरज नाही, एका माणसाने तर तो बरणीत साठ वर्षं जगवला. क्लाउनफिश (ॲनिमोनच्या आसऱ्याने राहणारा मासा) सोबत नसेल तर तो मरतो. आणि आकसून गोळा झाला की मेला समजून फेकून द्या.

हे वाचून माझ्या भाचीने टाकीशेजारी ग्लूची ट्यूब आणून ठेवली आणि मग मला फोटो पाठवून विचारलं, "आत्या, याचा पाय नेमका कुठून सुरू होतो?" नशीब की आधी विचारलं. न विचारता ट्यूब उघडणारे किती असतील, या विचाराने हे लिहायला बसले.

ग्लूपासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या बऱ्याच चुका वेळेत लक्षात आल्या तर सावरता येतात, ही सावरणं फार कठीण.

ही युक्ती आली कुठून, ते कळतं. प्रवाळाचे तुकडे दगडावर बसवायला सुपरग्लूचं जेल वापरतात आणि त्यात काही चूक नाही. पण तिथे ग्लू लागतो तो प्रवाळाच्या चुनखडीसारख्या टणक सांगाड्याला. ॲनिमोनला सांगाडाच नसतो. वरपासून खालपर्यंत मऊ मांस, स्नायू आणि आत भरलेलं पाणी, एवढंच त्याचं शरीर. त्याचा पाय म्हणजे स्नायूंची एक चपटी तबकडी. तो काचेवर बसला असेल तर बाहेरच्या बाजूने ती नीट बघा. मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक रेषा दिसतील. तो सरकत असेल तर तबकडीची एक कड सैल होऊन पुढे येते, तिथे पकड घेते, मग मागचा भाग हळूच ओढला जातो. वीतभर जायला कधी तास लागतात, कधी रात्र जाते. पण तो जातो, कारण त्याला जायचं असतं.

अशा पायाला ग्लू लावला की काय होतं? पाण्याशी गाठ पडताच ग्लूवर पांढरी कडक साय धरते. ॲनिमोनच्या अंगावर बुळबुळीत स्राव असतो, त्यामुळे ग्लू बहुतेक ठिकाणी धरतच नाही. जिथे धरतो तिथलं मांस मरतं. ॲनिमोन पाय आखडून घेऊ बघतो आणि पाय फाटतो. फाटलेल्या जागी संसर्ग होतो, मांस विरघळून तंतू सुटायला लागतात, पाण्यात ॲमोनिया चढतो आणि टाकीतल्या बाकीच्या जिवांवरही संकट येतं. मेसेजमध्ये याला "एका मिनिटाचं काम" म्हटलंय. रबर बँडने बांधणं किंवा जाळीखाली दाबून ठेवणं हेही याच जातीचे उपाय, तेही नकोत.

तो फिरतो तेव्हा काहीतरी सांगत असतो. प्रकाश कमी किंवा जास्त आहे, पाण्याचा झोत अंगावर येतोय किंवा अजिबात पोचत नाही, किंवा पाय लपवायला जागा नाही. बबल-टिप जातीच्या ॲनिमोनला दगडातली खोल फट लागते, पाय आत आणि तोंड प्रकाशाकडे. लाँग-टेन्टॅकल जातीला वाळूचा जाड थर लागतो, पाय खाली टेकवून वाळूत अंग रोवायला. जातीप्रमाणे जागा तयार करा, त्याला तिथे ठेवा, पाय धरेपर्यंत थोडा वेळ झोत बंद ठेवा आणि हात बाहेर काढा. तरी हलला तर हलू द्या. स्वतः शोधलेल्या जागेवर तो महिनोन्‌महिने बसतो. मात्र तो फिरत असताना वेव्हमेकर (टाकीत लाटा उठवणारं यंत्र) आणि पंपाच्या तोंडावर स्पंज किंवा जाळी हवीच. फिरता ॲनिमोन पंपात ओढला जाऊन त्याच्या चिंध्या होणं, हा घरच्या टाकीतला त्याचा नेहमीचा मृत्यू आहे. सात युक्त्यांमध्ये याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

आता "दुर्मीळ" पांढरा रंग. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण आजारी जीव याच नावाखाली विकले जातात. घरच्या टाक्यांमध्ये ठेवतात त्या बहुतेक ॲनिमोनच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं ॲनिमोनला देतं. त्याचा तपकिरी रंगही या शैवालाचाच. पाणी तापलं, प्रकाश एकदम बदलला किंवा प्रवासात हाल झाले की शैवाल निघून जातं आणि ॲनिमोन पांढराफटक, जवळजवळ पारदर्शक होतो. म्हणजे तो उपाशी आहे. काहींना तर वरून रंग दिलेला असतो, भडक पिवळा किंवा गुलाबी. असा जीव घेऊ नका. आधीच घेतला असेल तर पाणी स्थिर ठेवा, मध्यम प्रकाशापासून सुरुवात करून तो हळूहळू वाढवा आणि अगदी बारीक तुकडे भरवा. रंग परतायला आठवडे लागतात, कधी महिने, आणि प्रत्येक वेळी परततोच असं नाही.

बरणीतल्या ॲनिमोनची गोष्ट मात्र खरी आहे, हे मान्य करावं लागतं. सर जॉन डॅलियेल यांनी 1828 साली स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक ॲनिमोन एडिंबरोला आणला. डॅलियेल 1851 मध्ये वारले. ॲनिमोन एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला आणि 1887 मध्ये मेला. त्याला लोक "ग्रॅनी" म्हणायचे. पण ती जात होती बीडलेट, थंड समुद्राच्या खडकांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणारी. तिच्या अंगात ते शैवाल नसतंच, म्हणून तिला त्याच्यासाठी प्रकाश लागत नाही. बबल-टिप किंवा कार्पेट ॲनिमोनला हा दाखला देणं साफ चूक आहे. शिवाय ग्रॅनीच्या बरणीतलं समुद्राचं पाणी वर्षानुवर्षं कुणीतरी नेमाने बदलत होतं. या गोष्टीतून काही घ्यायचंच तर ते घ्या. नीट सांभाळला तर हा प्राणी माणसापेक्षा जास्त टिकू शकतो, आणि आपण त्याला दोन महिन्यांत मारतो.

नव्या टाकीबद्दल फार लिहीत नाही. ॲमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू तयार व्हायलाच चार ते सहा आठवडे जातात, आणि पाणी खऱ्या अर्थाने स्थिरावायला त्याहून बरेच जास्त. सहा महिने थांबा, वर्ष थांबलात तर उत्तम. तापमान 25-26 अंश, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (पाण्याच्या खारेपणाचं माप) 1.025 च्या आसपास, आणि हे आकडे रोज वर-खाली होता कामा नयेत. तांबं असलेलं माशांचं औषध या टाकीत कधीच नको.

रोज मोठी कोळंबी नको. तोंडात सहज मावेल असा तुकडा आठवड्यातून एक-दोनदा पुरतो. मोठा दिलात तर तो बऱ्याचदा ओकून टाकतो आणि पाणी खराब होतं.

क्लाउनफिशच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. मासा ॲनिमोनला कुरतडणाऱ्या माशांना हुसकावतो आणि त्याच्या उत्सर्जनातून शैवालाला खत मिळतं. पण जगात ॲनिमोनच्या हजाराहून जास्त जाती आहेत आणि क्लाउनफिशला आसरा देतात त्या जेमतेम दहा. टाकीत ॲनिमोन माशाशिवाय जगतो, मासाही ॲनिमोनशिवाय जगतो. उलट नव्या, अशक्त ॲनिमोनमध्ये दांडगा क्लाउनफिश सतत अंग घुसळत राहिला तर तो उघडतच नाही.

राहिला आकसण्याचा मुद्दा. ॲनिमोनला तोंड एकच, खाणं आत जातं तिथूनच घाण बाहेर पडते. त्यासाठी तो अधूनमधून सगळं पाणी सोडून मुठीएवढा होतो, तपकिरी तंतू बाहेर टाकतो आणि काही तासांनी पुन्हा फुगतो. असे जिवंत ॲनिमोन लोकांनी कचऱ्यात टाकलेत. मेलेला ओळखायचा तर तोंड बघा. ते सैल उघडं पडून आतलं मांस बाहेर आलेलं असतं, पायाची पकड सुटलेली असते, स्पर्शाला काही प्रतिसाद नसतो, बोट लावलं की मांस सुटतं आणि कुजका वास येतो. ही लक्षणं एकत्र दिसली तर मात्र थांबू नका. लगेच बाहेर काढा, बरंचसं पाणी बदला, फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला आणि दुसऱ्या दिवशीही ॲमोनिया तपासा.