प्रेसनोटमधला बाजारभाव

अमली पदार्थविरोधी पथकात बदली झाली म्हणून धास्तावू नका. कामगिरी मोजायची रीत एकदा हातात बसली की नवी मुंबईसारखा निवांत मुलूख नाही.

माल ग्रॅममध्ये सापडला तरी बातमी रुपयांत द्यायची. वाशीच्या एपीएमसीत कांद्याचा भाव काढायला आडते-व्यापारी घसा फोडतात. एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचा भाव मात्र आपण आणि आपला टायपिस्ट मिळून काढतो. आकडा मनाजोगा येईना, तर त्याआधी 'आंतरराष्ट्रीय बाजारात' एवढं टाकायचं. २०१६ साली ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या कारखान्यातून टनावारी एफेड्रिन धरलं, तेव्हा किंमत २,००० कोटी सांगितली गेली. एफेड्रिन हा नशेचे पदार्थ बनवायचा कच्चा माल. पण उसाच्या मोळीला बर्फीचा भाव लावू नये, असं १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कुठं लिहिलंय?

महिनाअखेर गुन्हे कमी पडले तर पुलाखाली जा. तिथले गर्दुल्ले शोधायला खबऱ्या लागत नाही, नाक पुरतं. कलम २७, सेवन. एका संध्याकाळी दहा जण, तक्त्यात दहा रेघा. पुरवठादाराची बँकखाती दोन वर्षं उपसलीत तर रेघ एकच, आणि तीही तुमच्या जागी येणाऱ्याच्या नावावर.

पुडीवाला पकडलात तर वजनाकडे फार बघू नका. एमडी २ ग्रॅमच्या आत 'अल्प', ५० ग्रॅमच्या वर 'व्यावसायिक', मग कलम ३७मुळे जामीन अवघड. ही उजळणी त्यालाही पाठ असते, म्हणून तर खिशात थोडंच ठेवतो. त्याला माल कोण देतं, हे विचारलंत की तपास लांबला.

खटल्याचं म्हणाल, तर त्याच्या वाटेला जाऊच नका. पंच फितूर होतो, नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढलेच नव्हते असं निघतं, आरोपी सुटतो. सुटकेची पत्रकार परिषद कोणी घेत नाही, हे एक बरं.

फक्त एक खबरदारी. एवढा माल धरल्यावर खरं तर बाजारात टंचाई व्हावी, पुडी महागावी. छाप्याच्या आठवडाभरानंतर एखादा अतिउत्साही शिपाई तुर्भ्याला चौकशी करून येईल आणि सगळ्यांदेखत म्हणेल, "साहेब, भाव कालचाच आहे."

त्याला सायन-पनवेल रोडवर ट्रॅफिकला पाठवा.