पॅरिशच्या वहीत जन्मतारीख शोधू नका

‘१५३८ पासून इंग्लंडमधल्या प्रत्येकाचा जन्म चर्चच्या वहीत नोंदलेला आहे, नाव टाका की पूर्वज हजर’ असा मजकूर सध्या फिरतोय. त्यातलं साल तेवढं बरोबर. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने त्या वर्षी प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या भागाला, वही ठेवायला लावली, पण नोंद व्हायची ती बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची. जन्माची सरकारी नोंदणी सुरू झाली थेट जुलै १८३७ मध्ये. सुरुवातीच्या वह्या बऱ्याच ठिकाणी गहाळ आहेत, आणि १६४० च्या दशकातल्या यादवीत तर नोंदींचा आनंदीआनंदच. मूळ वही नसेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल सापडते का, ते बघावं.

आणखी एक गोची. आईबापांचं लग्न मे १७१५, मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७१५ असं दिसलं की लोक लगेच नाकं मुरडतात. उगाच! तेव्हा तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं; १ जानेवारीला ते आलं १७५२ मध्ये. म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १७१६ चा. लग्नानंतर नऊ महिन्यांनी बाप्तिस्मा, सगळं रीतसर.