हमीपत्रावर सही केली म्हणून हक्क संपत नाहीत

व्हॉट्सॲपवरील कुटुंबांच्या आणि सोसायट्यांच्या गटांतून एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : वृद्धाश्रमात दाखल करताना हमीपत्रावर सही केली की संस्थेविरुद्ध काहीही करता येत नाही, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होणारच, त्यात दोष कोणाचाच नसतो, ज्येष्ठांसाठीचा कायदा फक्त मुलांना लागू आहे, आणि ग्राहक आयोगात गेल्यास वकिलाच्या फीपायी लाखो रुपये जातात. ज्यांचे आईवडील अशा ठिकाणी आहेत, ती माणसे हे वाचून गप्प बसतात. म्हणून याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

बेडसोअर वयामुळे होत नाहीत. एकाच जागी दाब राहिल्याने तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि त्यामुळे ते होतात. माकडहाड, खुबे आणि टाचा या त्यांच्या नेहमीच्या जागा आहेत. सुरुवातीला बोटाने दाबूनही न मावळणारी लाली दिसते. सावळ्या कातडीवर ती जांभळट डागासारखी दिसते किंवा जागा नुसतीच कढत आणि घट्ट लागते. या टप्प्यावर साधारण दर दोन तासांनी कूस बदलली, कातडी कोरडी ठेवली, हवेची गादी दिली आणि पोटात पुरेसे अन्न गेले, तर बहुतेक जखमा तिथेच थांबतात. अगदी शेवटच्या आजारपणात उत्तम शुश्रूषा असूनही जखम होऊ शकते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हाडापर्यंत गेलेली, वास येणारी जखम नातेवाइकांना प्रथम भेटीच्या दिवशीच कळत असेल, तर आधीचे कित्येक दिवस तिकडे कोणी पाहिलेलेच नसते.

माझ्या मावशीच्या बाबतीत मी हे जवळून पाहिले आहे. तिच्या खाटेला कूस बदलल्याच्या नोंदींचा तक्ता अडकवलेला होता. मी दुपारी दोन वाजता पोहोचलो, तेव्हा चार आणि सहा वाजताच्या रकान्यांत खुणा आधीच करून ठेवलेल्या होत्या. पाण्याचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर, तिचा हात पोहोचणार नाही इतका लांब होता आणि तिचे ओठ सुकून फुटले होते. दोन महिन्यांत सैल झालेले कपडे, दंडांवर बोटांचे वळ, दिवसभर गुंगी, तासन्‌तास न बदललेले डायपर, ही चिन्हे एकेकटी दिसली तर कारण विचारावे; एकत्र दिसली तर ‘वय झाले आहे’ या उत्तरावर थांबू नये.

आता हमीपत्राविषयी. ‘आम्ही कोणत्याही न्यायालयात जाणार नाही’ अशी सरसकट अट भारतीय करार कायद्याच्या कलम २८ नुसार तेवढ्यापुरती निरर्थक ठरते, आणि गुन्ह्याची जबाबदारी तर कोणत्याही सहीने पुसली जात नाही. पैसे घेऊन दिलेली देखभाल ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवा ठरते आणि तिच्यातील उणीव तक्रारीस पात्र असते. पूर्णपणे विनामूल्य सेवा मात्र त्या व्याख्येत येत नाही. अशा वेळी संस्था सार्वजनिक न्यास असल्यास तिच्या कारभाराविषयी धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते.

ज्येष्ठांच्या कायद्याबाबतचे विधान अर्धे खरे आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यातील निर्वाहखर्चाची मागणी मुलांकडे आणि ठरावीक नातेवाइकांकडेच करता येते. मात्र तेवढ्यावरून वृद्धाश्रम मोकळे सुटत नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ नुसार, आजारपणामुळे किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे असहाय असलेल्या माणसाची शुश्रूषा करण्याचे किंवा गरजा भागवण्याचे कराराने बांधून घेऊन ते जाणूनबुजून टाळणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, म्हणजे फारच सौम्य आहे, परंतु हे कलम नेमके याच परिस्थितीसाठी लिहिलेले आहे आणि फार थोड्यांना ते ठाऊक असते. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास कलम १०६ लागू होऊ शकते.

खर्चाची भीती सर्वांत कमी खरी आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्क लागत नाही, तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो आणि तो राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. रहिवासी वारला असल्यास हा हक्क कायदेशीर वारसांकडे जातो. निकाल कायद्यात लिहिलेल्या मुदतीत लागेलच असे नाही, वर्षेही जातात, हे मी लपवणार नाही. फौजदारी तक्रारीसाठी वकील हवा असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्य मागता येते आणि ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते.

‘तक्रार केली तर आईचेच हाल करतील’ ही भीती त्या संदेशात नाही, पण खरी अडचण तीच असते. आम्ही मावशीला आधी तिथून हलवले आणि मगच लेखी तक्रार दिली. मला तोच क्रम योग्य वाटतो. हलवण्यापूर्वी जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून तारखेसह छायाचित्र घ्यावे, त्याच दिवशी बाहेरच्या डॉक्टरांकडून जखमेची लांबी, रुंदी आणि खोली केसपेपरवर लिहून घ्यावी, तक्त्याचाही फोटो काढावा आणि औषधांच्या व शुश्रूषेच्या नोंदींच्या प्रती लेखी अर्जाने मागून अर्जाची पोच जपून ठेवावी. ग्राहक आयोगात जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे.